चिऱ्याला सिमेंट थापू नका, कौलांच्या जागी पत्रा घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या नगरपरिषदा धोकादायक इमारतींच्या नोटिसा काढतात. त्यांत पंचवीस-तीस वर्षांत सळया उघड्या पडलेल्या काँक्रीटच्या इमारती असतात, तशीच शंभर-सव्वाशे वर्षांची जांभ्याची, कौलारू, उंच छताची घरे, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्याही असतात. दोघांना नोटीस एकच, मुदत एकच. आमचे म्हणणे असे, की यातल्या जुन्या इमारती वयामुळे मोडत नाहीत. त्यांच्यावर सिमेंट थापले, कौले उतरवून पत्रा घातला आणि समोरचा रस्ता जोत्याला भिडेल एवढा उंच नेला, म्हणून त्या मोडतात. कारण नेमके कळले तर उपायही आहे, आणि तो गावातल्या गवंड्या-सुतारांच्या आवाक्यातला आहे.

या जुन्या इमारतींची बांधणीची पद्धत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे १८३७ ते १९०१ मधली. मुंबईत त्या काळात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहिले. कोकणात तसले शिल्पकाम आले नाही. इथे आले ते सरकारी बांधकाम खात्याचे नकाशे: कमानीच्या खिडक्या, त्यांवरचे पंख्याच्या आकाराचे रंगीत काचेचे झरोके, झडपांची दारे, लाकडी कैचीवरचे (त्रिकोणी सांगाड्यावरचे) उभ्या उताराचे छप्पर, बिडाचे खांब आणि तिन्ही बाजूंनी व्हरांडा. आपल्या गवंड्यांनी ते जांभ्यात बांधले आणि सुतारांनी सागात उतरवले. छताला उंची आणि भिंतीला जाडी असल्यामुळे भर वैशाखातही अशा इमारतीच्या आतल्या खोलीत बसवते. ही पद्धत राणीच्या मागेही काही वर्षे चालू राहिली. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० सालचा. जांभा, उतरती छपरे आणि नक्षीच्या अर्धगोल लाकडी खिडक्या यांचा तो मेळ आजही पाहायला मिळतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या मोजमापाला विजेच्या ट्रामचा व्यत्यय येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा बांधली, तीही याच परंपरेतली. चुंबकीय मोजमापात लोखंड चालत नाही, म्हणून तिथे पोरबंदरचा दगड आणि तांब्या-पितळेचे सामान वापरले. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर लोखंडाऐवजी तांबे किती टिकते, हेही त्यातून आपोआप दिसते.

ज्याला आपण अस्सल कोकणी समजतो ते मंगलोरी कौलसुद्धा त्याच काळातले. एकमेकांत खाचेने अडकणारे कौल फ्रान्समधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढले. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळुरात त्याचा कारखाना घातला, आणि तिथून ही कौले समुद्रमार्गे किनाऱ्यावरच्या बंदरांत पोचली. जुने कौल उलटून पाहिले तर कारखान्याचे नाव उमटलेले दिसते. इमारत कधीची, हे शोधायला त्याची मदत होते. म्हणून कौले उतरवताना ती भंगारात न टाकता आधी उलटून पाहावीत.

आता दुखण्याकडे येतो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण त्याची भोके कायम राहतात. भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि नंतर सोडते. चुन्याचा गिलावा हे येणे-जाणे चालू ठेवतो. सिमेंटचा गिलावा पहिले दोन पावसाळे देखणा दिसतो. मग त्याला केसभर भेगा पडतात, कारण तो ताठ आणि मागचा चिरा (जांभ्याचा कापीव दगड) मऊ. झडीचे पाणी भेगेतून आत जाते आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेला खार या पाण्यात विरघळलेला असतो. उन्हाळ्यात पाणी चिऱ्याच्या आतच सुकते, खाराचे स्फटिक भोकांत वाढतात आणि भोकांच्या कडा फोडतात. अशा भिंतीवर बोटाने ठोकले तर पोकळ आवाज येतो. गिलाव्याचा पापुद्रा काढला की आत चिऱ्याऐवजी तांबडी भुकटी हाताला लागते, कधी बोटभर, कधी दोन बोटे खोल. एवढे झाल्यावर मालक पुन्हा सिमेंटच लावतो, या वेळी जाळी ठोकून आणि वॉटरप्रूफिंगची पावडर घालून. जाळी गंजते, फुगते आणि उरलेला चिराही घेऊन खाली येते.

हे सिमेंट काढायला ब्रेकर मशीन लावू नये. त्याच्या हादऱ्याने आतल्या जुन्या चुन्याचे सांधे सुटतात. छिन्नी आणि हलका हातोडा घ्यावा आणि पोकळ वाजणाऱ्या जागेपासून सुरुवात करावी. जिथे गिलावा निघताना चिऱ्याचा टवका येतो, तिथे थांबावे. तो भाग पुढच्या वर्षी घ्यावा. उघडी भिंत एक कोरडा हंगाम तशीच राहू द्यावी. वर आलेला पांढरा खार कोरड्या कुंच्याने झाडून, गोळा करून लांब टाकावा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा आत शिरतो, आणि ॲसिडने धुणे तर भिंतीचा घातच. भुकटी दोन इंचांपेक्षा खोल गेली असेल तर तेवढा चिरा काढून नवा बसवावा. आजचा खाणीचा चिरा १४ × ९ × ७ इंचांच्या आसपास मिळतो. जुन्या भिंतीचे थर वेगळ्या उंचीचे असतात. आधी थर मोजावा, खाणवाल्याला ते माप द्यावे आणि आलेला चिरा बसवण्याआधी काही महिने उघड्यावर ठेवावा.

चुना आता कोण करतो, असा प्रश्न नेहमी येतो. पूर्वी किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना होई आणि तो बैल जुंपलेल्या घाण्यात मळला जाई. आजही कळीचा चुना मिळतो आणि घाण्याचे काम ग्राइंडर करतो. टाकीत आधी पाणी घ्यावे, चुन्याच्या वजनाच्या तिप्पट, आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये. तो उसळतो आणि डोळे जातात, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. निवलेला चुना चाळून चार बोटे पाण्याखाली निदान तीन आठवडे ठेवावा; जास्त ठेवला तर उत्तमच. गिलाव्याला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी) आणि दोन भाग वाळू. सुरखी भट्टीत नीट भाजलेल्या विटेची हवी. कच्च्या विटेची भुकटी म्हणजे नुसती माती. वाळू नदीची, धुतलेली. पुळणीवरची वाळू वापरली की खार आपण स्वतःच भिंतीत भरतो. गूळपाणी, हिरड्याचा किंवा बेलफळाचा काढा घालायचा असेल तर बेताने घालावा. गूळ जास्त झाला की मुंग्या आणि बुरशी येते.

एका वेळी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. आधी भिंत भिजवावी, थर दिल्यावर ओली गोणपाटे टांगून आठ-दहा दिवस ओल धरावी आणि मगच दुसरा थर द्यावा. उघड्या चिऱ्याच्या भिंतीला नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरायच्या असतील तर जुना सांधा इंचभर खोल उकरून चुना-वाळू एकास तीन दाबून भरावी. चिऱ्याच्या तोंडावर मसाला फासू नये. सिमेंटच्या उठावाच्या दर्जा ही सध्याची फॅशन आहे. तिच्यामुळे पाणी सांध्यातून बाहेर येण्याऐवजी चिऱ्यातून येते आणि काही वर्षांनी दर्जा तशाच उभ्या राहून मधला चिरा खोल जातो. वरून रंग म्हणून चुन्याची पातळ सफेदी, दुधाइतकी पातळ, एक दिवसाआड चार हात. पिवळा हवा तर पिवडी, तांबडा हवा तर काव. प्लॅस्टिक पेंट म्हणजे पुन्हा सिमेंटचेच दुखणे. "चुन्यात चिमूटभर सिमेंट घाला, लवकर धरेल," असे सांगणारा ठेकेदार भेटतोच. त्या मिश्रणात चुन्याचा गुणही राहत नाही आणि सिमेंटचे बळही येत नाही.

हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावे. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो आणि त्याला थोडी ओल लागते. एप्रिल-मेच्या उन्हात तो नुसता सुकतो आणि बोटाने खरवडला जातो. पावसात तर तो धरतच नाही. नगरपरिषदेची निविदा मार्चअखेरच्या घाईत निघते आणि काम मे महिन्यात होते; चुन्याचे काम फसल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

छपराबद्दल आम्हाला जास्त कळकळीने लिहावेसे वाटते, कारण इमारतीचा शेवट तिथूनच सुरू होतो. मंगलोरी कौल सुमारे ४१० × २३५ मिलिमीटरचे, वजनाने २ ते २.५ किलो. चौरस मीटरला साधारण १५ कौले बसतात आणि रिपांमधले (कौले टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधले) अंतर ३२ सेंटिमीटरच्या आसपास राहते. नवी रीप ठोकण्याआधी हातातल्या कौलावरूनच माप घ्यावे, कारण कारखान्यागणिक थोडा फरक पडतो. कौल बोटाने वाजवावे; खणखणले तर ठेवावे, बद्द आवाज आला तर बाजूला काढावे. शेवाळ कोरड्या कुंच्याने काढावे. पाण्याचा जोरदार फवारा मारला की कौलाची वरची कातडी जाते आणि ते पाणी पिऊ लागते.

दरवर्षीची शाकारणी (पावसाआधी कौले नीट बसवणे) चुकली की काय होते ते क्रमाने पाहा. एक कौल सरकते. त्याखालची रीप दोन-तीन पावसाळ्यांत कुजते. मग ओळीने कौले बसतात आणि पाणी वाशावरून भिंतीच्या माथ्याकडे ओघळते. तिथे तुळईचे टोक चिऱ्यात रुतलेले असते, त्याला वारा लागत नाही. तुळई मधून ठणठणीत दिसते, पण भिंतीजवळ आरी टोचली तर ती मुठीपर्यंत आत जाते. हे टोक तपासल्याशिवाय कोणत्याही जुन्या इमारतीला चांगली किंवा वाईट म्हणू नये. कुजलेले टोक आहे म्हणून पूर्ण तुळई काढायची गरज नसते. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावे आणि त्याच जातीचे जुने, मुरलेले लाकूड तिरक्या सांध्याने जोडावे. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट ठेवून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घालावेत. भिंतीतल्या खोबणीत टोकाच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच मोकळी जागा सोडावी आणि खाली घट्ट दगड बसवावा. ती जागा सिमेंटने भरली की टोक पुन्हा कुजते. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण चालते. किनाऱ्यावर होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेलही लाकडाला उत्तम. मात्र ते कातडी जाळते, हातमोजे घालावेत. गॅरेजमधले जळके ऑइल लावू नये. ते आत मुरत नाही आणि आगीचा धोका वाढवते.

कौले महाग पडतात, माणसे मिळत नाहीत, म्हणून पत्रा येतो. कौलांचे वजन चौरस मीटरला ३० किलोंच्या वर, पत्र्याचे ५ किलोंच्या आसपास. जुने छप्पर भिंतीवर बसून राहते ते मुख्यतः स्वतःच्या वजनावर. ते वजन काढून घेतले आणि वासे भिंतीला बांधले नाहीत, तर वादळात पत्रा वाशांसकट उचलला जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात कौले उडाली म्हणून अनेकांनी पत्रे घातले. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण कौलारू छप्पर वाऱ्यासाठी तयार करता येते. वारा वळचणीची आणि कडेची कौले आधी उचलतो, म्हणून वळचणीच्या तीन ओळी, आढ्यालगतच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांची कौले तांब्याच्या किंवा स्टेनलेस तारेने रिपेला बांधावीत. कौलाच्या पाठीला त्यासाठीच भोकाचा कान असतो. आढ्यावरची कौले चुन्याच्या मसाल्यात बसवावीत. वाशांचे पाय भिंतीच्या माथ्यावरच्या पाटाला (आडव्या लाकडाला) आणि पाट भिंतीला पट्ट्यांनी जखडावा.

दुसरा मोह स्लॅबचा. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३०० किलोंहून जास्त. कौले, रिपा, वासे मिळून ७० किलोंच्या आसपास. चुन्यात बांधलेल्या जांभ्याच्या भिंतीवर असा चौपट भार टाकून पुढे तिला भेगा पडल्या, तर दोष भिंतीचा नव्हे. तशीच कैची. तिची खालची आडवी तुळई डोक्याला लागते किंवा पंखा-माळ्याला आड येते म्हणून कापतात. ती तुळई दोन्ही भिंतींना आत ओढून धरत असते. कापली की वाशांचे पाय फाकतात आणि भिंतीचा माथा बाहेर झुकतो. "भिंत झुकली, इमारत धोकादायक" असा शेरा आला तर आधी वर बघावे.

बिडाचे खांब आणि कठडे यांबद्दल एवढेच, की बीड दाब सोसते, ताण सोसत नाही, आणि साध्या वेल्डिंगने बाजूला नवी चीर पडते. तडा पट्टी आणि बोल्टने बांधावा. पोकळ खांबातून पन्हळीचे पाणी खाली नेलेले असेल तर तळाचे तोंड दर मे महिन्यात मोकळे करावे. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून तो कोरडा घासू नये. ओला करून, तोंडाला मास्क लावून काढावा आणि झिंक फॉस्फेटच्या अस्तरावर नव्या रंगाचे दोन हात द्यावेत.

आता नगरपरिषदेकडे. बाजारपेठेतला रस्ता दर काही वर्षांनी डांबराच्या नव्या थराने उंच होतो. दोन-तीन पायऱ्या असलेल्या जोत्याची आज एक पायरी उरली आहे, आणि रस्त्याचे पाणी थेट भिंतीला लागते. नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढण्याची अट निविदेत घालावी. पेव्हर ब्लॉक भिंतीला भिडवू नयेत. दोन फुटांची खडीची पट्टी बाहेरच्या उताराने मोकळी ठेवावी. हा खर्च नगण्य आहे आणि ओल बरीचशी इथेच थांबते.

स्ट्रक्चरल ऑडिटची पद्धतही तपासावी लागेल. रिबाउंड हॅमर हे काँक्रीटची ताकद पाहण्याचे साधन आहे. जांभा-चुन्याच्या भिंतीवर त्याचा आकडा निरर्थक असतो. तरीही अहवालात तो आकडा येतो आणि त्यावर इमारत पाडायच्या श्रेणीत जाते. या इमारतींसाठी भिंतीला ओळंबा लावून झुकाव मोजावा, तुळयांची टोके टोचून पाहावीत आणि भेगांवर चुन्यात काचेच्या पट्ट्या बसवून त्यांवर तारीख घालावी. पट्टी वर्षभर अखंड राहिली तर भेग जुनी आणि थांबलेली आहे. तडकली तर ती कोणत्या महिन्यात तडकली, यावरून कारण पाण्याचे की पायाचे हे कळते. तोवर धोका वाटला तर टेकू द्यावेत आणि माणसे हलवावीत. जीवाशी खेळ आम्हीही सांगणार नाही. पण टेकू देणे आणि जेसीबी बोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा फक्त अधिसूचित वास्तूंना लागू होतो. गावातले पोस्ट, शाळा, धर्मशाळा, पेढीची इमारत त्यात येत नाही. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यातच ऐतिहासिक आणि वास्तुसौंदर्याच्या जागा जतनासाठी दाखवता येतात. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा नागरिकांनी इमारतीचा फोटो, नकाशावरची जागा आणि बांधकामाचे वर्ष (ते नसेल तर कौलावरचे नाव) जोडून लेखी मागणी द्यावी. खासगी घरांचे दुखणे वेगळे आहे. सातबाऱ्यावर वीस नावे, अर्धी मुंबईत, आणि शाकारणीचा खर्च गावात राहणाऱ्या एकट्यावर. अशा घरांना चुन्या-कौलांत दुरुस्ती केल्यास घरपट्टीत सूट द्यावी, ही आमची मागणी आहे.

जी इमारत पाडावीच लागते तिची कौले, साग, बिडाचे कठडे, रंगीत काचा लिलावात किलोने जातात आणि शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींवर लागतात. नगरपरिषदेने एक गोदाम राखून हे सामान तिथे ठेवावे आणि गावातल्याच दुरुस्तीला मोजून द्यावे. जुन्या मापाचे कौल आणि जुना साग आज विकत मागायला गेले तर मिळत नाहीत.

निविदेत शेवटची एक अट हवी. ठेकेदाराने मुख्य काम हाती घेण्याआधी त्याच इमारतीच्या पश्चिमेच्या, वाऱ्या-पावसाच्या भिंतीवर एक चौरस मीटर चुन्याचा गिलावा करून दाखवावा. तो महिनाभर ठेवावा. नखाने खरवडला जात नसेल, पोकळ वाजत नसेल आणि भेगा पडल्या नसतील तरच कामाचा आदेश द्यावा.

कळावे.

आपले,
जांभा, चुना व कौलांच्या दुरुस्तीचे काम करणारे काही गवंडी, सुतार आणि अभियंते, रत्नागिरी जिल्हा